छाती अडतीस, डावा खांदा अर्धा इंच खाली

शिवरामपेठ, म्हैसूर
३ नोव्हेंबर २०२५

अंबूताई,

आधी भांडण, नमस्कार जागा उरली तर.

मागच्या आठवड्यात तू दुकानाच्या फोनवर अप्पांना विचारलंस, "शशीचं सिनेमाचं खूळ गेलं का?" फोन स्पीकरवर होता. अप्पा हसले. कारागीर हसले. ब्लाऊजला अस्तर लावून घ्यायला आलेली एक बाई, जिला माझं नावसुद्धा माहीत नाही, तीही हसली. खूळ म्हणे! मी तेरा वर्षांचा असताना 'एंटने आकाश' बघायला मला बोटाला धरून कोण घेऊन गेलं? आणि इंटरव्हलनंतर घोरायला कोण लागलं? तू चुलत बहीण नसतीस तर मी तुझ्याशी त्याच दिवशी बोलणं टाकलं असतं.

तू झोपलीस म्हणून सांगतो. शेवटी त्या एंटने, म्हणजे आठव्या, आकाशाच्या दाराशी कॅप्टन मागे राहतो. यान सुटतं. पायलट काचेला हात लावून उभी असते. पडदा काळा होतो आणि त्यावर अक्षरं येतात, 'उरलेलं लवकरच'. लवकरच! नऊ वर्षं, ताई! निर्माता भांडून गेला, सेट पाण्यात गेला, दोनदा तारीख ठरली आणि दोनदा मोडली. कॅप्टन जिवंत आहे की मेला हे माहीत नसताना मी दहावी झालो, इंजिनीअरिंगला गेलो आणि तिसऱ्या वर्षी सोडूनही आलो. (का सोडलं ते पुन्हा विचारू नको. शिंप्याच्या पोराला सुईच शोभते असं जो मास्तर वर्गात सगळ्यांसमोर म्हणतो, त्याच्या हातून मला डिग्री नको.)

आता ऐक. २१ तारखेला, शुक्रवारी, दुसरा भाग येतोय. बन्नीमंटपाजवळच्या थिएटरात सकाळी सातचा पहिला शो. आमच्या ग्रुपची बावीस माणसं जाणार, आणि अंतराळवीरांचे सूट घालून जाणार. सूट कोण शिवतंय? मी. रुपेरी रेनकोटचं कापड, नारिंगी पायपिंग, खांद्याला फोम. अप्पा नुसते बघतात आणि म्हणतात, "दसऱ्याच्या गर्दीत एवढं मन लावलं असतंस तर!"

पत्र लिहितोय कारण फोन नाही. ग्रुपवर एकाने लिहिलं की कॅप्टन मेलाच आहे, उगाच नाचू नका. मी फोन इस्त्रीच्या टेबलावर आपटला. अप्पा म्हणाले, सहा महिने नवा फोन नाही. त्यामुळे ग्रुपचं सगळं मला गगनच्या तोंडून कळतं. गगन तुला आठवत असेल. पहिलीपासूनचा माझा दोस्त, आपल्या अंगणात पेरूच्या झाडावरून पडलेला.

आणि दुसरं म्हणजे अमूल्या. विजयनगरला राहते. आपल्यासारखं घरात मराठी बोलतात, पण तिच्या आजोबांचे आजोबा राजाच्या घोडदळात होते, म्हणून जरा ताठ. तिचा सूट शिवायला आली तेव्हा माप आपल्या काकूने घेतलं आणि मी दोन तास यंत्राला तेल घालत बसलो. ताई, त्या सिनेमात कॅप्टनच्या हातमोज्याचं एक बटण तुटलेलं असतं. ते या म्हैसुरात दोनच माणसांनी पाहिलंय. एक मी, एक ती.

मला बाकी काही नको. कॅप्टन परत येईल आणि दार उघडेल, त्या क्षणी ती माझ्या शेजारच्या खुर्चीत हवी. बस.

जागा संपली. नमस्कार राहिला.

शशांक


बेट्टदपुर
७ नोव्हेंबर

शशी,

तुझं पत्र वर्गात वाचलं आणि हसू दाबताना नववीच्या पोरांसमोर माझी शोभा झाली. मी घोरले नव्हते. मला सर्दी होती.

खूळ म्हणाले ते सिनेमाला नाही, तुझ्या डोक्याला म्हणाले. सिनेमा बघ, सूट शिव, आनंदाने नाच. पण एका पानात तू सहा माणसांवर चिडला आहेस. मी मोजली. त्यात एक बिचारी अस्तरवाली बाई पण आहे.

आणि त्या मुलीला तू काय सांगितलंस? मला तर पानभर सांगितलंस. तिला? यंत्राला तेल घालून प्रेम कळत असतं तर आपल्या घराण्यातल्या सगळ्यांची लग्नं वेळेवर झाली असती. सरळ जा आणि म्हण, "अमूल्या, मला तुझ्या शेजारी बसून हा सिनेमा बघायचाय." एवढंच वाक्य आहे. व्याकरण मी तपासलंय.

इथे डोंगरावरच्या देवळात सकाळी चढून जाते. चारशे पायऱ्यांनंतर राग उरत नाही, दमच उरत नाही. रविवारी ये. तुझ्यासाठी घोरत नाही, जागी राहीन.

ताई


शिवरामपेठ
१२ नोव्हेंबर

अंबूताई,

तुझं वाक्य पाठ केलं होतं. तीन दिवस. पण आता त्याचं काही कारण उरलं नाही. तू चेष्टा करशील, कर.

सोमवारी अमूल्या दुकानात आली. मी वाक्य बाहेर काढणार, तेवढ्यात तिने घडी घातलेला कागद पुढे केला. म्हणाली, "अजून एक सूट पाहिजे. कॅप्टनचा. लाल पट्टीवाला."

ताई, ग्रुपमध्ये सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की कॅप्टनचा सूट कुणीच घालायचा नाही. तो हरवलाय. तो परत येईपर्यंत त्याचा सूट कुणाच्या अंगावर दिसता कामा नये. असलं ठरवणारी माणसं जगात आम्हीच असू, पण ठरवलं होतं, आणि तिनेच आधी हात वर केला होता.

मी विचारलं, "कुणासाठी?"

"सांगत नाही. सरप्राइज आहे."

"माप घ्यायला माणूस लागतो."

"माप आणलंय ना! तू सुम्ने शिव, गपचूप."

आणि हसली. तसं हसणं मी आधी पाहिलं नव्हतं. खाली बघून.

कागदावर लिहिलंय: छाती ३८, कंबर ३१, खांदा १८, हात २५, डावा खांदा अर्धा इंच खाली. अक्षर तिचंच. ती गेल्यावर मी तो कागद किती वेळ धरून बसलो माहीत नाही. तू शिंप्याच्या घरात वाढलीस. आपल्याला चेहरा लागत नाही. माप वाचलं की माणूस उभा राहतो. लांब हात, बारीक कंबर, आणि डावा खांदा अर्धा इंच खाली. डाव्या खांद्यावर आठ वर्षं कॅमेऱ्याची बॅग कोण लटकवतं? गगन!

माप चोपडीत शोधलं. वीस जणांची मापं आहेत, गगनचं नाही. कारण गगन मला म्हणाला होता, "मगा, मला सूट नको, मी व्हिडिओ काढणार." व्हिडिओ! काल मी त्याच्या घरी गेलो तर तो फोनवर अमूल्याचं नाव घेऊन तिच्याशी बोलत होता. मला बघून त्याने फोन ठेवला आणि "अय्यो, कधी आलास?" म्हणून चहा सांगितला. तिकिटं त्यानेच काढलीत, आणि मागून दुसऱ्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या कुणालाच दिल्या नाहीत. विचारलं तर म्हणतो, "ते बघू नंतर."

बारा वर्षं एका डब्यात जेवलोय आम्ही. मी त्याला सगळं सांगितलं होतं, हातमोज्याच्या बटणापासून. आणि हा माझ्याच हातून स्वतःचा सूट शिवून घेणार, तो घालून तिच्या शेजारी बसणार, आणि मी पुढच्या रांगेतून मान वळवून बघणार?

यंत्राचा पट्टा तुटला एवढ्या जोरात चालवलं. अप्पा ओरडले. ओरडू देत.

शशांक


बेट्टदपुर
१५ नोव्हेंबर

शशी,

शांत हो म्हणत नाही, कारण ते म्हटलं की तू जास्त पेटतोस. फक्त एक काम कर. दुकान बंद करून, कुणी नसताना, टेप घे आणि स्वतःच्या छातीला लाव.

तू जन्मल्यापासून अप्पांनी तुझं माप कधी घेतलंय? सांग. तुझा पहिलीचा गणवेश, मुंजीचा कुडता, कॉलेजच्या पँटी, सगळं त्यांनी नजरेने कापलं. आपल्या घरात दुसऱ्यांची मापं चोपडीत असतात, घरच्यांची अप्पांच्या डोळ्यांत. माझंही मला लग्नाचं ब्लाऊज इथे शिवायला टाकलं तेव्हा कळलं. बत्तीस वर्षांची झाले होते.

तू मापावरून माणूस ओळखतोस, खरं आहे. पण चोपडीत नसलेली माणसं दोन आहेत ना? बावीसमधून वीस गेले तर एक गगन, आणि दुसरा तू, स्वतःला तू धरलंसच नाहीस. तुझा सूट कुठे आहे? "माझं शेवटी, कापड उरलं तर" असंच म्हणाला असशील.

यंत्रावर वाकून वाकून डावा खांदा कुणाचा उतरलाय, ते मी तुला दसऱ्याला पाठमोरा बघितलं तेव्हाच दिसलं होतं.

टेप लाव. मग त्या मुलीकडे जा.

ताई


शिवरामपेठ
१८ नोव्हेंबर

अंबूताई,

तुझं पत्र सकाळी आलं. उघडलं नाही. तसंच खिशात आहे.

त्यात काय असेल ते मला माहीत आहे. पायऱ्या चढ, पाणी पी, गगन चांगला मुलगा आहे. तू सगळ्यांची बाजू घेतेस. मास्तराचीसुद्धा घेतली होतीस, "त्याच्या तोंडून गेलं असेल" म्हणून. यावेळी मला कुणाचं ऐकायचं नाही, म्हणून आधी करतो आणि मग वाचतो.

काय केलं ते सांगतो. कॅप्टनचा सूट शिवला. आजवर शिवलेल्यात सगळ्यांत देखणा. लाल पट्टी अशी बसली की अप्पांनी चष्मा काढून बघितलं, म्हणजे आवडलं. बाहेरून एक दोरा दिसत नाही. पण आतून पाठीची मधली शिवण आणि बैठकीची शिवण, दोन्ही फक्त कच्च्या टाक्यांवर आहेत. ट्रायलला घालतो तसे. उभा राहील तोवर राजा. खुर्चीत बसला की मानेपासून खाली सगळं उसवणार. चारशे लोकांत, दिवे चालू असताना, तिच्या शेजारी.

मी गेटजवळच्या दाराशी उभा राहणार आहे. तिथून मागच्या रांगा दिसतात.

तुला वाटेल मी हे खुशीत लिहितोय. नाही. कापड माझ्या हाताखाली होतं तेव्हा एकदा वाटलं, पक्की शिवण घालावी. मग तिचं ते खाली बघून हसणं आठवलं.

गुरुवारी ती सूट न्यायला येणार आहे.

शशांक


बेट्टदपुर
२१ नोव्हेंबर, सकाळचे अकरा

शशी,

तुझं पत्र आत्ता पोस्टमनने हातात दिलं. दुकानात चार वेळा फोन लावला, कुणी उचलत नाही. शो कधीच सुटला असेल.

माझं पत्र उघडलंस का? उघड, गाढवा. उघड.

ताई


विजयनगर
२२ नोव्हेंबर

शशांक,

तुला फोन नाही म्हणून लिहिते. माझं मराठी लिहिणं तेवढं बरोबर नाही. हसू नको. आता तू हसलेलं मला नको आहे.

मी सूट तुझ्यासाठी केला होता. बाकी सगळ्यांचे तूच शिवलेस आणि स्वतःला कापड ठेवलं नाहीस. मी तुझ्या अप्पांना विचारलं. ते म्हणाले, लिहून घे, आणि तू आत कापड कापत होतास, त्यांनी नुसतं तुझ्याकडे बघून सगळे नंबर सांगितले. मला फार छान वाटलं. कोपऱ्यातल्या दोन सीट गगनने आपल्याला ठेवल्या होत्या. मी आणि तो फोनवर तेच बोलत होतो.

गेटवर मी पिशवी दिली आणि घाल म्हटलं. तू पिशवी उघडून बघितलंस आणि पांढरा पडलास. मग सांगितलंस की हा फाटणार आहे, मी गगनसाठी फाटता केला होता. खरं सांगितलंस, बरं केलंस. पण त्यानंतर तू हसलास. मोठ्याने. "म्हणजे गगन नाही! मीच!" म्हणालास. माझा हात धरायला आलास.

तुला वाटलं, सूट तुझा निघाला म्हणजे सगळं मिटलं. मला तेच सहन झालं नाही. गगनने तुझ्यासाठी सीट ठेवली, आणि तू त्याची सगळ्या लोकांमध्ये पाठ उघडी करणार होतास, आणि ते बघायला जागा शोधून ठेवली होतीस. तुझ्या हातून ते झालं नाही, कारण माप दुसऱ्याचं होतं. तू थांबला नाहीस शशांक. तू चुकलास फक्त.

मी तुला गेटवर सोडून आत गेले. शेजारची सीट रिकामी. सिनेमात दार उघडलं तेव्हा सगळं थिएटर उभं राहून ओरडत होतं. मी त्या वेळेला पडद्याकडे बघत नव्हते, त्या रिकाम्या सीटकडे बघत रागावून बसले होते. मी पण नऊ वर्षं थांबले होते. तू माझा पण सिनेमा खाल्लास.

गगनला मी काही सांगितलं नाही. ते तुझं काम. तू बाहेरून का परत गेलास असं तो विचारतोय.

मला उत्तर लिहू नको. दुकानात पण मी येणार नाही. राग गेला तर मी सांगेन. नाही गेला तर नाही सांगणार.

अमूल्या


शिवरामपेठ
३ डिसेंबर

अंबूताई,

तुझी दोन्ही पत्रं वाचली. पहिलं शुक्रवारी, थिएटरच्या कुंपणाला टेकून, आत शिट्ट्या चालू असताना. छाती अडतीस. टेप गळ्यातच होती, तिथेच लावून बघितली. रस्त्यावरची माणसं बघत होती.

अमूल्याचं पत्र सोबत पाठवतोय. वाचून परत दे. मला ते फाडायचं होतं, चार वेळा हातात घेतलं. तिच्यावर चिडायचा खूप प्रयत्न केला, ताई. एक आठवडा. मला न विचारता माप का घेतलं, अप्पांनी मला का सांगितलं नाही, गगनने खुर्च्यांचं गुपित कशाला ठेवायचं, सगळ्यांवर चिडून झालं. पत्रातल्या एका वाक्यापाशी येऊन प्रत्येक वेळी अडकतो. तू थांबला नाहीस, तू चुकलास. याला उत्तर सापडलं असतं तर लिहिलं असतं, तिने नको म्हटलं तरी.

रविवारी गगनकडे गेलो. अंगणात तो गाडी धूत होता. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं मारेल. मी मार खायच्या तयारीने गेलो होतो, खरं तर मार खाल्ला असता तर हलकं वाटलं असतं. त्याने नळ बंद केला. हात पुसले. माझ्या गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली आणि हात पसरून उभा राहिला.

"घे माप."

"गगन, सोड ना."

"घे म्हटलं ना!"

घेतलं. छाती छत्तीस. हात चोवीस. दोन्ही खांदे सरळ, ताई, एका रेषेत. बारा वर्षं त्याच्या शेजारी बसून मला त्याचे खांदे माहीत नव्हते. मी आकडे मोठ्याने म्हणालो, कारण तो म्हण म्हणाला. मग म्हणाला, "लिहून ठेव चोपडीत." आणि नळ सुरू केला. पाठ करूनच म्हणाला, "होगु, मगा." जा म्हणाला, पण दोस्ताला म्हणतात तसं मगा म्हणाला. त्याचा काय अर्थ घ्यायचा ते मला विचारू नको. मी आता कशाचाही अर्थ लावत नाही.

काल मंगळवार. दुपारच्या शोला एकटा गेलो. बन्नीमंटपालाच. सूट नाही, साधा शर्ट. आत दहा-बारा माणसं. पुढे दोघं फोन बघत होती. एक बाई बाळाला दूध पाजत होती. गेटवरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, गुरुवारी सिनेमा उतरणार.

सिनेमा वाईट असावा अशी मी वाटेत प्रार्थना करत होतो. खरंच करत होतो. नऊ वर्षांनी केलेलं असलं काहीतरी नेहमी वाईटच निघतं. वाईट निघाला असता तर मी बाहेर येऊन शिव्या घातल्या असत्या, यासाठी एवढं झालं का म्हणालो असतो, आणि मोकळा झालो असतो.

चांगला आहे, अंबूताई. फार चांगला आहे. दार उघडतं तेव्हा आवाजच बंद करून टाकलाय त्यांनी, नुसता श्वास ऐकू येतो. कॅप्टन म्हातारा झालाय. हातमोजा तोच आहे, आणि त्याने त्या बटणाच्या जागी तार गुंडाळलीय. मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि डाव्या बाजूला वळलो, सांगायला.

डाव्या बाजूला कुणी नव्हतं.

शशांक